रेग्युलर एक्सप्रेशन : मेंदूपासून ब्राउझरपर्यंत

मंडळी, या शनिवारी जरा आमच्या धंद्यातला विषय. घाबरू नका, कोड फारसा नाहीये, आणि जो आहे तो देवनागरीत आहे. त्यामुळे ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध मेल बघणे आणि तिकीट काढणे एवढाच आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही. :)

वेबसाइटवर फॉर्म भरताना 'पिनकोड सहा आकडी हवा' किंवा 'ईमेल बरोबर लिहा' अशी लाल अक्षरं तुम्ही शंभरदा बघितली असतील. ती दाखवायची की नाही हे ठरवणारा बहुतेक वेळा जावास्क्रिप्टमधला एक छोटासा साचा असतो. त्याला म्हणतात रेग्युलर एक्सप्रेशन. आम्ही लाडाने 'रेजेक्स' म्हणतो. तुम्ही मजकुराचा साचा द्यायचा, आणि तो साचा समोरच्या मजकुरात कुठे बसतो ते कॉम्प्युटरने शोधायचं.

उदाहरण बघा. 'पु(णे|ण्या)' असा साचा दिला की 'पुणे' सापडतं, 'पुण्यात' सापडतं आणि 'पुणेरी' पण सापडतं. मधली उभी रेघ म्हणजे 'किंवा'. दुसरं चिन्ह तारा. 'अ*' म्हणजे अ कितीही वेळा, अगदी शून्य वेळा सुद्धा. ताऱ्याऐवजी अधिकचं चिन्ह लावलं तर निदान एकदा तरी हवाच. टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह. एवढ्या भांडवलावर आजचा लेख वाचता येईल.

आता गंमत अशी, की हा तारा कॉम्प्युटरसाठी जन्मलाच नव्हता. तो आला मेंदूच्या अभ्यासातून.

सन १९४३. शिकागोमध्ये वॉरन मॅकलक नावाचे मेंदूचे अभ्यासक आणि वॉल्टर पिट्स नावाचा अवघ्या विशीतला मुलगा यांनी मिळून एक निबंध छापला. पिट्स घरातून पळून आलेला, तर्कशास्त्रात विलक्षण हुशार. मॅकलकनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. दोघांनी मज्जापेशीचं एक साधं गणिती रूप मांडलं. पेशी एकतर पेटते किंवा पेटत नाही, मधलं काही नाही. पुरेशा शेजाऱ्यांनी ढोसलं की पेटते. अशा पेशी एकमेकींना जोडल्या तर त्या जाळ्याला तर्क करता येईल, असं त्यांचं म्हणणं. आज ज्या न्यूरल नेटवर्कवर जग वेडं झालंय त्याचं मूळ इथेच आहे. पण आपला रस्ता इथून दुसरीकडे वळतो.

१९५१ च्या उन्हाळ्यात स्टीफन कोल क्लेनी हे गणिती कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करत होते. एरवी ते विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवायचे. त्यांच्यासमोर हा मॅकलक-पिट्सचा निबंध आला आणि त्यांना एक सरळ प्रश्न पडला. अशा जाळ्याला बाहेरून संकेतांची माळ दिली, तर ते नक्की कुठल्या प्रकारच्या माळा ओळखू शकेल? आणि कुठल्या कधीच ओळखू शकणार नाही?

उत्तर फार देखणं निघालं. तीन क्रिया पुरतात. 'हे किंवा ते', 'ह्याच्यामागून ते' आणि 'हे कितीही वेळा'. या तिघींतून जे जे बांधता येतं, तेवढंच अशा जाळ्याला ओळखता येतं. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. तिसऱ्या क्रियेसाठी क्लेनींनी तारा वापरला. त्यांच्या मूळ लेखनात तो दोन गोष्टींच्या मध्ये बसायचा, म्हणजे 'पहिली कितीही वेळा आणि मग दुसरी'. आजच्यासारखा शेपटीला लावलेला तारा नंतर रूढ झाला. अशा घटनांना त्यांनी 'रेग्युलर' म्हटलं, आणि याहून चांगलं नाव कोणी सुचवलं तर स्वागत आहे अशा अर्थाचं लिहूनही ठेवलं. कोणी सुचवलं नाही. हे सगळं १९५६ साली 'ऑटोमेटा स्टडीज' या ग्रंथात छापून आलं.

१९५९ मध्ये मायकेल राबिन आणि डेना स्कॉट यांनी पुढचं पाऊल टाकलं. एकाच वेळी अनेक अवस्थांत असू शकणारं यंत्र त्यांनी कल्पिलं, आणि दाखवून दिलं की त्याची ताकद साध्या, एका वेळी एकाच अवस्थेत असणाऱ्या यंत्राइतकीच आहे. या कामासाठी दोघांना १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. इंजिनिअरिंग केलेल्यांना आठवेल, हे सगळं आपल्याला एका सेमिस्टरमध्ये होतं. गोल काढायचे, बाण काढायचे, शेवटच्या अवस्थेला दुहेरी गोल. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क देणारा आणि 'याचा नोकरीत काय उपयोग' असं सगळ्यांनी विचारलेला विषय. उपयोग काय, ते आता येतंय.

केन थॉम्पसनचा जन्म १९४३ चा, म्हणजे मॅकलक-पिट्सचा निबंध आला त्याच वर्षीचा. १९६८ साली बेल लॅब्जमध्ये असताना त्याने तीन-चार पानांचा एक निबंध लिहिला. क्लेनीचं गणित घेऊन त्याने एडिटरमधली शोधाशोध केली होती. तुम्ही साचा टाइप केला की त्याचा प्रोग्राम आयबीएम ७०९४ या मशीनसाठी तिथल्या तिथे मशीन कोड तयार करायचा आणि तो मजकुरावर चालवायचा.

त्याची युक्ती समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण पुढची सगळी भानगड तिच्यावरून आहे. समजा तुम्ही नारायण पेठेत एक घर शोधताय आणि दर पन्नास पावलांवर बोळाला दोन फाटे फुटतायत. एक रीत अशी. एकटेच जा, डावीकडे वळा, घर नाही सापडलं तर मागे या आणि उजवीकडे जाऊन बघा. दुसरी रीत म्हणजे मित्रांची टोळी न्या. प्रत्येक फाट्यावर अर्धे इकडे, अर्धे तिकडे, सगळ्यांनी एकाच वेळी एकेक पाऊल टाकायचं. आणि दोघे फिरून एकाच कोपऱ्यावर भेटले तर एकाने घरी जायचं, कारण इथून पुढे दोघांना तेच दिसणार. थॉम्पसनची रीत ही दुसरी. यात मागे फिरणं नाही. मजकुराचं प्रत्येक अक्षर एकदाच वाचलं जातं, आणि माणसं कधीही कोपऱ्यांपेक्षा जास्त होत नाहीत. म्हणजे वेळ फार तर मजकुराची लांबी गुणिले साच्याची लांबी.

मग युनिक्स आलं, त्यात 'ईडी' नावाचा एडिटर आला. ब्रायन कर्निहन एक गोष्ट सांगतात. बेल लॅब्जमधल्या ली मॅकमहन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स' या अमेरिकी राज्यघटनेवरच्या जुन्या लेखांचा अभ्यास करायचा होता. मजकूर इतका मोठा की तो एडिटरच्या मेमरीत मावेना. थॉम्पसनने एडिटरमधला शोधायचा भाग काढून वेगळा प्रोग्राम केला, तोही एका रात्रीत. एडिटरच्या आज्ञेतली आद्याक्षरं, म्हणजे ग्लोबल, रेग्युलर एक्सप्रेशन, प्रिंट, जोडून त्याचं नाव झालं 'ग्रेप'. १९७३ पासून तो युनिक्सबरोबर यायला लागला. आजही मी दिवसातून वीस वेळा तरी तो वापरतो.

सुरुवातीला गणित आणि धंदा हातात हात घालून चालले होते. मग वाटा फुटल्या.

१९८६ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या हेन्री स्पेन्सर यांनी रेजेक्सची एक लायब्ररी लिहिली आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकली. ती वापरायची पहिली रीत. एकट्याने बोळात शिरायचं, नाही सापडलं तर मागे. लॅरी वॉलने १९८७ साली 'पर्ल' ही भाषा काढली, आणि १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पेन्सरचीच लायब्ररी घेऊन ती वाढवली. १९९४ च्या 'पर्ल ५' मध्ये तर काय काय आलं! पुढे डोकावून बघणं, कमीत कमी घेऊन थांबणं वगैरे. १९९७ मध्ये केंब्रिजच्या फिलिप हेझल यांनी पर्लसारखे रेजेक्स कोणालाही वापरता येतील अशी 'पीसीआरई' ही लायब्ररी केली, आणि पर्लची बोली जगाची बोली झाली.

मागे फिरणारी रीत लोकांनी का घेतली? कारण तिच्यात नवीन सोयी घालणं सोपं. एक सोय मराठी माणसाला चटकन कळेल. 'कंसात जे सापडलं तेच पुन्हा एकदा' असं साच्यात सांगता येतं. म्हणजे गडगड, खळखळ, हळूहळू, कडकड, असले आपले सगळे शब्द एका साच्यात पकडता येतात. आहे की नाही झकास? पण क्लेनीच्या गणितात हे बसतच नाही. अर्धा शब्द लक्षात ठेवायचा तर मर्यादित अवस्थांचं यंत्र पुरत नाही, कारण शब्द कितीही लांब असू शकतो. म्हणजे आज आपण ज्याला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतो ते गणिताच्या अर्थाने रेग्युलर राहिलेलंच नाही. नाव तेवढं उरलंय, पेठेत वाडे पडले तरी बिल्डिंगला 'अमुक वाडा' म्हणतात तसं.

आता जावास्क्रिप्ट. मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने ही भाषा दहा दिवसांत उभी केली, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. त्या दहा दिवसांत रेजेक्स नव्हता. भाषेचं एक मोठं काम फॉर्म तपासणं, आणि ते करायला हातात काय, तर अमुक अक्षर कितव्या जागी आहे हे सांगणाऱ्या दोन-चार किरकोळ सोयी. पिनकोड तपासायचा तर एकेक अक्षर लूपमध्ये फिरवायचं. जून १९९७ मध्ये नेटस्केप ४ बरोबर जावास्क्रिप्ट १.२ आली, तेव्हा रेजेक्स आले, थेट पर्लवरून उचललेले. म्हणजे ते जवळजवळ माझ्याच वयाचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेटस्केपमध्येच काम करणाऱ्या जेमी झविन्स्कीने ते सुप्रसिद्ध वाक्य लिहिलं. त्याचा आशय असा की काही लोकांना अडचण आली की ते म्हणतात रेजेक्स वापरू, आणि मग त्यांच्याकडे दोन अडचणी होतात. :) डिसेंबर १९९९ मध्ये 'एक्मास्क्रिप्ट'च्या तिसऱ्या आवृत्तीने जावास्क्रिप्टचे रेजेक्स प्रमाण केले. हे सगळं पर्ल ५ वर बेतलंय असं त्यात स्पष्टच म्हटलंय.

म्हणजे जावास्क्रिप्टने पर्लची श्रीमंती घेतली, आणि पर्लचं कर्जही घेतलं.

हे कर्ज काय आहे ते बघू. '(क+)+ख' असा साचा घ्या. म्हणजे क चे गठ्ठे, मग शेवटी एक ख. समोर मजकूर आहे नुसता क क क क क, ख नाहीच. माणसाला एका नजरेत कळतं की जमणार नाही. मागे फिरणारं इंजिन काय करतं? पाच क चा एक गठ्ठा करून बघतं. नाही जमलं. मग चार आणि एक. मग तीन आणि दोन, मग तीन, एक आणि एक... पाच क चे असे १६ प्रकारे गठ्ठे पडतात. दर एक क वाढला की दुप्पट. दहा क ला ५१२, वीसला ५ लाख २४ हजारांवर, आणि तीस क ला ५३ कोटींहून जास्त. तीस अक्षरांचा मजकूर आणि ब्राउझर गार!

रस कॉक्सने जानेवारी २००७ मध्ये एका लेखात हेच मोजून दाखवलं. २९ अक्षरांच्या मजकुरावर पर्लला साठ सेकंदांहून जास्त लागले, आणि थॉम्पसनच्या १९६८ च्या रीतीला वीस मायक्रोसेकंद. चाळीस वर्षांपूर्वी छापलेली, परीक्षेत विचारली जाणारी रीत, आणि पर्लसारख्या भाषा ती वापरत नव्हत्या. कॉक्सने पुढे २०१० मध्ये गूगलतर्फे 'आरई-टू' हे इंजिन खुलं केलं. त्यात थॉम्पसनची रीत आहे, आणि 'तेच पुन्हा' ही सोय मुद्दाम नाही.

हे नुसतं पुस्तकी आहे असं वाटत असेल तर दोन तारखा सांगतो. २० जुलै २०१६ ला 'स्टॅक ओव्हरफ्लो' ही आम्हा प्रोग्रामरांची काशी ३४ मिनिटं बंद पडली. ओळीच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटणारा एक साधा साचा होता. कोणाच्या तरी मजकुरात मध्येच सुमारे वीस हजार मोकळ्या जागा आल्या. प्रत्येक जागेपासून सुरुवात करून 'ओळ संपली का? नाही' असं करत सुमारे २० कोटी तपासण्या झाल्या.

दुसरी तारीख २ जुलै २०१९. 'क्लाउडफ्लेअर' ही कंपनी जगातल्या असंख्य वेबसाइटच्या दारात रखवालदारासारखी उभी असते. त्यांनी हल्ले ओळखायचा एक नवा नियम सगळीकडे एकदम चालू केला. त्या साच्याच्या शेपटीतला घातक भाग सोपा करून लिहिला तर एवढाच: '.*.*=.*'. म्हणजे काहीही, मग पुन्हा काहीही, मग बरोबरचं चिन्ह. जगभरातले त्यांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले, रहदारी ८२ टक्क्यांनी घसरली. २७ मिनिटं. त्यांनी सविस्तर हिशोब छापला, आणि मागे न फिरणाऱ्या इंजिनाकडे जायचं ठरवलं. ही दोन्ही प्रकरणं जावास्क्रिप्टमधली नाहीत, पण इंजिनाची जात तीच. क्रोमच्या व्ही-एट इंजिनात २००९ पासून 'इररेजेक्स्प' नावाचं फार वेगवान रेजेक्स इंजिन आहे. फायरफॉक्सनेही २०२० मध्ये तेच घेतलं. पण तेही मागेच फिरतं. व्ही-एटवाल्यांनी २०२१ मध्ये मागे न फिरणारं एक इंजिन प्रयोग म्हणून जोडलं, तरी मुख्य इंजिन जुन्या रीतीचंच राहिलं.

आता आपल्या घरातली गोष्ट. या कर्जाचा एक हप्ता मराठी माणूस भरतो.

माझ्या आत्याने मध्यंतरी एका संस्थेचा ऑनलाइन अर्ज भरला. अर्ज अख्खा मराठीत, सूचना मराठीत. गावाच्या रकान्यात तिने लिहिलं 'कऱ्हाड'. खाली लाल अक्षरं, 'कृपया फक्त अक्षरे वापरा'. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "अरे, ही अक्षरं नाहीत तर काय चित्रं काढलीयत का मी?"

आत्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर १९९९ मध्ये आहे. जावास्क्रिप्टमध्ये 'शब्दात येणारं अक्षर' यासाठी एक तयार चिन्ह आहे. त्यात बसतात इंग्रजी मोठी २६, छोटी २६, आकडे १० आणि अधोरेषा १. एकूण ६३. म्हणजे या चिन्हाच्या लेखी मराठीत एकही अक्षर नाही, आणि ०१२३ हे आकडेही नाहीत. शब्दाची सीमा ओळखणारं चिन्ह याच ६३ वर अवलंबून, त्यामुळे त्याच्या लेखी 'राम आला' या वाक्यात एकही शब्द नाही. गंमत म्हणजे मोकळी जागा ओळखणारं चिन्ह मात्र जगभरच्या सगळ्या मोकळ्या जागा ओळखतं!

मग हुशार लोक युनिकोडमधली देवनागरीची १२८ घरं हाताने लिहून द्यायचे. त्याने पुष्कळ काम होतं. २०१८ च्या आवृत्तीत अखेर 'देवनागरी लिपी' किंवा 'कुठल्याही भाषेतलं अक्षर' असं सरळ सांगायची सोय आली. तिथेही एक खड्डा आहे. युनिकोडच्या हिशोबाने 'मी' म्हणजे दोन चिन्हं, म आणि वेलांटी. वेलांटी 'अक्षर' या गटात नाही, 'खुणा' या वेगळ्या गटात आहे. त्यामुळे नुसती अक्षरं मागितली की 'मीरा' मधलं म आणि र पास, वेलांटी आणि काना नापास. आणि तारा लावताना तर लक्षातच ठेवा. 'मी*' मधला तारा फक्त वेलांटीला लागतो, अख्ख्या मी ला नाही. अख्खा मी हवा तर कंस करा, '(मी)*'.

आणि 'कऱ्हाड'? तो ऱ्ह दोन तऱ्हेने टाइप होतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन, आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, रेजेक्सला वेगळे. आणि तो अदृश्य जोडक देवनागरीच्या १२८ घरांत राहतच नाही. त्यामुळे 'कोल्हापूर' पास होऊन 'कऱ्हाड' नापास होऊ शकतं. म्हणून नाव-गाव तपासायचंच असेल तर अक्षरं, खुणा आणि दोन्ही अदृश्य चिन्हं, म्हणजे जोडक आणि न-जोडक, एवढं सगळं चालू द्या. स्टॅक ओव्हरफ्लोच्या त्या साच्यात मोकळ्या जागेबरोबर हाच न-जोडक छाटायला लिहिलेला होता, हा एक योगायोग.

माझं स्वतःचं मत विचाराल तर माणसाचं नाव रेजेक्सने तपासूच नये. रकाना रिकामा नाही ना एवढं बघावं आणि पुढे जावं. पिनकोडला साचा लावा, तारखेला लावा. ज्याचा आकार खरंच ठरलेला आहे त्याला लावा. आणि तारा किंवा अधिक लिहिताना त्याच्या पोटात दुसरा तारा किंवा अधिक नाही ना, ते बघून घ्या.

क्लेनींनी १९५१ साली विचारलेला प्रश्न 'यंत्राला काय ओळखता येतं' एवढाच नव्हता. 'काय ओळखता येणार नाही' हा त्याचा दुसरा अर्धा भाग होता. आम्ही पहिला अर्धा घेऊन साचे लिहितो, आणि दुसऱ्या अर्ध्याचं बिल कधी क्लाउडफ्लेअर भरतं, कधी आत्या. तिने शेवटी गाव इंग्रजीत लिहिलं. अर्ज लगेच गेला.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या फॉर्ममध्ये एकदा 'कऱ्हाड' टाकून बघा, दोन्ही तऱ्हेने.